चालू सर्किटमध्ये डिलेचा टप्पा आत-बाहेर केला की पल्सचा हिशेब चुकतो

अर्धवट_सर्किट (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, चार रात्री डोकं आपटून झालं, आता तुमच्यापुढे मांडतो.

मला पल्सची एक माळ ठरावीक उशिराने पुढे पाठवायची आहे, आणि तो उशीर सर्किट चालू असतानाच बदलता यायला हवा. ० ते १५०० नॅनोसेकंद, १००-१०० च्या पायऱ्यांनी. क्लॉक (सगळ्यांना ताल देणारा ठोका) १० मेगाहर्ट्झ, म्हणजे एक फ्लिपफ्लॉप (एक बिट एका ठोक्यापुरता धरून ठेवणारं घर) म्हणजे १०० नॅनोसेकंद. शिफ्ट रजिस्टरचे (दर ठोक्याला बिट एक घर पुढे सरकवणाऱ्या फ्लिपफ्लॉपांच्या रांगेचे) चार टप्पे केलेत: पहिला १ घराचा, मग २, मग ४, शेवटी ८. प्रत्येक टप्प्यानंतर ७४एचसी१५७ चा एक मक्स (सिलेक्टच्या तारेनुसार दोन वाटांपैकी एक निवडणारा). सिलेक्ट वर असेल तर सिग्नल टप्प्यातून येतो, खाली असेल तर टप्पा टाळून थेट. सिलेक्टच्या चारही तारा मायक्रोकंट्रोलरच्या एकाच पोर्टवरून येतात. कोड ७ दिला की ७०० नॅनोसेकंद, ८ दिला की ८००. आत येणारा पल्स २०० नॅनोसेकंद रुंद, दर मायक्रोसेकंदाला एक, त्याच क्लॉकवर बनवलेला.

कोड न बदलता चालवलं तर तासभर एक पल्स इकडचा तिकडे होत नाही. आत एक काउंटर, बाहेर एक काउंटर, दोन्ही आकडे सारखे. पण कोड बदलला की बाहेरचा काउंटर कधी एकाने पुढे, कधी एकाने मागे, कधी बरोबर. ७ वरून ८ वर जाताना सगळ्यात जास्त. स्कोपवर मधूनच १०० नॅनोसेकंदांचे अर्धवट पल्सही दिसतात. (नावाला जागतोय म्हणा.)

कुठे चुकतंय?

---

फावल्या_वेळचा | शनिवार, रात्री ११:४१

स्विचचं बाउन्सिंग. संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतो, तेवढ्यात तुमचा मक्स पन्नासदा इकडून तिकडे होतो. डीबाउन्स करा, प्रश्न मिटला.

---

अर्धवट_सर्किट | शनिवार, रात्री ११:४४

स्विच नाहीच आहे हो कुठे. पोर्टवरून येतंय, वर लिहिलंय.

---

फावल्या_वेळचा | शनिवार, रात्री ११:४५

अरेच्चा. धागा अर्धाच वाचला. तोंडात मारल्यासारखं झालं, वाचतोय.

---

जुना_सोल्डर | रविवार, सकाळी ६:५०

दोन गोष्टी लगेच दिसतात.

एक. ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००. चारही बिटं एकदम उलटतात. पोर्टवर ती एकाच वेळी बदलतात असं आपण म्हणतो, पण तारांची लांबी आणि गेटांचा वेग सारखा नसतो. काही नॅनोसेकंद मधलाच एखादा कोड लागू होतो, १५ नाहीतर ०, नाहीतर आणखी काही. म्हणूनच तुमची तक्रार ७-८ च्या उंबरठ्यावर जास्त आहे.

दोन. मक्स स्वतः. दोन अँड, एक ऑर आणि सिलेक्ट उलटा करणारा एक इन्व्हर्टर असा साधा मक्स डोळ्यांसमोर आणा. दोन्ही इनपुट १ आहेत, तुम्ही फक्त सिलेक्ट हलवलात. आउटपुट १ च राहायला हवा. पण एक अँड बंद होतो आणि दुसरा उघडायच्या आत इन्व्हर्टरचा वेळ जातो. तेवढ्यात आउटपुट शून्यावर टेकून येतो. याला हझार्ड म्हणतात. दोन्ही इनपुटांचा अँड घेऊन तिसरा पाय ऑरमध्ये घातला की ही फट बुजते, पण तयार चिपच्या पोटात आपण तो कुठून घालणार.

तुमच्या शेवटच्या मक्सचा आउटपुट सरळ काउंटरच्या क्लॉकला जातो का? जात असेल तर ही चारपाच नॅनोसेकंदांची टोचणी काउंटर कधी मोजेल, कधी नाही. काउंटरच्या मनावर.

उपाय: शेवटी एक ७४एचसी७४ (फ्लिपफ्लॉपची चिप) टाका, त्याच १० मेगाहर्ट्झवर. दोन क्लॉक एजच्या (ठोक्याच्या कडांच्या) मध्ये काय गोंधळ होतो ते फ्लिपफ्लॉपला दिसत नाही. एक घर उशीर कायमचा वाढेल, तो हिशेबात धरा.

---

लॅचवाली | रविवार, सकाळी ९:१५

जुना_सोल्डर यांच्याशी सहमत, पण एक भर. पोर्ट मायक्रोकंट्रोलरच्या क्लॉकवर चालतो आणि सर्किट तुमच्या १० मेगाहर्ट्झवर. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. तेव्हा सिलेक्टच्या चार बिटांना चार फ्लिपफ्लॉप लावून ‘सिंक्रोनाइझ केलं’ म्हणून हात झटकू नका. बिटं उलटत असतानाच एज आला तर दोन बिटं नवी आणि दोन जुनी पकडली जातात, आणि तो खिचडी कोड अख्खा एक क्लॉकभर राहतो. आधी काही नॅनोसेकंदांची चूक होती ती १०० नॅनोसेकंदांची होते. शिवाय एखादा फ्लिपफ्लॉप मेटास्टेबल होऊन (० की १ ते न ठरता) लोंबकळू शकतो ते वेगळंच.

बरोबर पद्धत अशी: पोर्टवर नवा कोड ठेवा आणि हलवू नका. मग एक वेगळी तार वर करा, ‘घे’ म्हणणारी. फक्त ती एकटी तार दोन फ्लिपफ्लॉपांमधून आत आणा. ती आत पोचेपर्यंत कोड केव्हाचाच स्थिर झालेला असतो. मग तिच्या जोरावर चारही बिटं एका एजला रजिस्टरमध्ये घ्या.

ग्रे कोड (शेजारच्या दोन आकड्यांत एकच बिट बदलणारा) सुचवणारे येतीलच मागून. तो एकेका पायरीने चढता-उतरताना छान. ३ वरून थेट ९ वर उडी मारायची तर ग्रे कोडमध्येही एकाहून जास्त बिटं बदलतात.

---

फावल्या_वेळचा | रविवार, सकाळी ९:२०

मी ग्रे कोडच सुचवणार होतो. गप्प बसतो.

---

प्रश्नचिन्ह | रविवार, दुपारी १:०५

मी अजून शिकतोय, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. हे सगळं सिम्युलेशनमध्ये आधी दिसलं नसतं का? मी व्हीएचडीएलमध्ये (सर्किटचं वर्णन लिहायच्या भाषेत) ‘आफ्टर ५०० एनएस’ लिहून असाच डिले केला, तर २०० चे पल्स बाहेरच आले नाहीत. गायब. म्हणजे डिले लाइन पल्स खाते का?

---

शून्य_एक | रविवार, दुपारी १:४०

प्रश्नचिन्ह, बाळबोध अजिबात नाही, यात भलेभले फसतात.

व्हीएचडीएलमध्ये नुसतं ‘आफ्टर’ लिहिलं की तो इनर्शियल डिले धरतात. म्हणजे गेटाला जडत्व आहे असं मानायचं: डिलेपेक्षा अरुंद पल्स आला तर गेट त्याची दखलच घेत नाही. तुझा २०० चा पल्स ५०० च्या डिलेत म्हणून मेला. तारेसारखा किंवा लांबच लांब नळीसारखा डिले हवा असेल तर आधी ‘ट्रान्सपोर्ट’ लिहावं लागतं, मग जे आत गेलं ते जसंच्या तसं उशिरा बाहेर येतं. व्हेरिलॉग या तशाच दुसऱ्या भाषेत ‘असाइन’ला लावलेला डिले इनर्शियल वागतो, आणि नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंटच्या उजव्या बाजूला लावलेला ट्रान्सपोर्ट.

आणि हो, यातलं काहीही चिपमध्ये उतरत नाही. सिंथेसिसवाला (वर्णनातून खरं सर्किट बनवणारा) टूल हे आकडे वाचून सोडून देतो. इन्व्हर्टरांची जोड-जोड लावून डिले करायला जाशील तर तो म्हणेल, दोनदा उलटं म्हणजे सुलटंच, आणि सगळी साखळी पुसून टाकेल. त्याला ‘हात लावू नकोस’ असं अ‍ॅट्रिब्यूट घालून बजावावं लागतं.

धागाकर्त्याच्या प्रश्नावर संध्याकाळी लिहितो. मला वाटतं खरा आजार अजून कुणी पकडलेलाच नाही.

---

अर्धवट_सर्किट | रविवार, संध्याकाळी ६:३०

दोन्ही उपाय केले. शेवटी ७४एचसी७४, सिलेक्टला ७४एचसी१७५ (चार फ्लिपफ्लॉप), आणि लॅचवालींनी सांगितलेली ‘घे’ची तार.

टोचण्या गेल्या. स्कोपवर आउटपुट स्वच्छ, प्रत्येक एज क्लॉकला चिकटलेला. जुना_सोल्डर आणि लॅचवाली, दोघांचेही आभार.

पण काउंटर चुकतोच आहे! ७ वरून ८ वर पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं, साधारण निम्म्या वेळा आकडा बरोबर, उरलेल्यात बहुतेकदा एक जास्त, क्वचित एक कमी. आणि १०० चे अर्धे पल्स अजून आहेत. आता ते मोठ्या दिमाखात, क्लॉकला धरून येतात.

---

जुना_सोल्डर | रविवार, संध्याकाळी ७:०५

अस्सं. म्हणजे माझी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झाली की काय. टोचणी होती हे खरं, पण चोर दुसराच दिसतोय.

---

शून्य_एक | रविवार, रात्री ९:५०

आता बसून लिहितो. लांब आहे.

आपण डिलेचा टप्पा म्हणजे तारेचा लांब तुकडा समजतो, जोडला की उशीर वाढला, काढला की कमी झाला. पण तो टप्पा भरलेला असतो. आठ घरांच्या शिफ्ट रजिस्टरमध्ये कुठल्याही क्षणी गेल्या ८०० नॅनोसेकंदांचा सिग्नल मुक्कामाला असतो. तुम्ही मक्स फिरवता तेव्हा आउटपुटला कुठला भूतकाळ दाखवायचा ते ठरवता. उशीर वाढवला की आधी दाखवून झालेला तुकडा पुन्हा दिसतो. कमी केला की मधला तुकडा कुणालाच न दिसता राहून जातो. गाडीचा निम्मा भाग सांध्यावरून गेला असताना रूळ बदलावा, तसं. यात टोचणीचा काहीही संबंध नाही. आदर्श, शून्य वेळात बदलणारा मक्स आणलात तरी हे होणार.

एवढ्यावर थांबलो असतो तर ७ वरून ८ ला फक्त १०० नॅनोसेकंदांचा तुकडा पुन्हा दिसायला हवा होता. तुमचा पल्स २०० चा. म्हणजे फार तर एखादा पल्स थोडा जाड, जास्तीचा पल्स नाही. मग तो येतो कुठून?

तुमच्या टप्प्यांच्या क्रमातून.

बदलाच्या क्षणाला शून्य म्हणू. त्याआधी कोड ७ होता: सिग्नल १, २, ४ च्या टप्प्यांतून ७०० उशिराने येत होता आणि ८ चा टप्पा टाळून बाहेर पडत होता. पण टाळलेला टप्पा रिकामा नव्हता. त्याचं तोंड उघडंच असतं, त्यात तो ७०० उशिराचाच सिग्नल शिरत होता. आता कोड ८ झाला. पहिले तीन टप्पे टाळले, शेवटचा जोडला. तर पुढचे ८०० नॅनोसेकंद त्या शेवटच्या टप्प्यातून काय बाहेर पडणार? आधीच ७०० उशिरा झालेलं, आणखी ८०० उशिराने. एकूण १५००! तुम्ही ७०० वरून ८०० मागितलं, सर्किटने आधी १५०० दिलं आणि मग ८०० वर उडी मारली.

म्हणजे पहिले ८०० नॅनोसेकंद जुना तुकडा पुन्हा दिसतो, आणि लगेच ७०० नॅनोसेकंदांचा तुकडा कायमचा गिळला जातो.

आता तुमचा पल्स घाला. समजा एक पल्स बदलाच्या ८०० आधी आत शिरला आणि ६०० आधी संपला. जुन्या वाटेने त्याचा पहिला अर्धा भाग शून्याच्या आधीच्या १०० मध्ये बाहेर पडला. तेवढ्यात सांधा बदलला, दुसरा अर्धा गिळला गेला. मग ७०० नॅनोसेकंदांनी तोच पहिला अर्धा पुन्हा बाहेर. एका पल्सचे दोन अर्धुकं. काउंटर म्हणतो दोन.

क्लॉकच्या दहा घरांपैकी पल्स कुठल्या घरात सुरू होतो त्यावर सगळं ठरतं. मी दहाही मांडून पाहिले: चार ठिकाणी एक जास्त, एका ठिकाणी एक कमी, पाच ठिकाणी बेरीज बरोबर. तुमच्या मोजणीशी जुळतंय ना? आणि त्या पाच ‘बरोबर’ ठिकाणांचा जास्त धसका घ्या. तिथे एक पल्स गिळला गेलाय आणि एक जुना दोनदा आलाय. आकडा जुळतो म्हणून काउंटर गप्प बसतो इतकंच.

---

अर्धवट_सर्किट | रविवार, रात्री १०:१२

थांबा. कागद काढतो.

---

अर्धवट_सर्किट | रविवार, रात्री ११:०८

स्कोपचा ट्रिगर ‘घे’च्या तारेवर लावला. अर्धा पल्स शून्याच्या अलीकडे, दुसरा पहिल्यापासून बरोबर ८०० नॅनोसेकंदांनी, पलीकडे. शून्य_एक, साष्टांग दंडवत.

आता टप्पे उलट लावतो, ८ चा सगळ्यात आधी.

---

शून्य_एक | रविवार, रात्री ११:२०

घाई नको. ८ चा आधी लावलात तर ७ वरून ८ वर जाणं सुधारेल, कारण त्या टप्प्यात नेहमी कोरा, उशीर न झालेला सिग्नलच शिरत असतो, आणि मागचे तीन टाळलेले. जोडला की लगेच बरोबर ८००. पण ८ वरून ७ वर येऊन बघा. मी काढलं: आधी ९००, मग ११००, मग १५००, आणि शेवटी ७००. तुमच्या आताच्या क्रमात हाच उतार ४००, ६००, ७०० असा जातो. उशी बदलली म्हणून डोकेदुखी जात नाही.

मूळ दोष असा की दुपटीच्या टप्प्यांच्या साखळीत प्रत्येक टप्प्याचा भूतकाळ आधीच्या मक्सच्या तेव्हाच्या स्थितीवर अवलंबून असतो. ती साखळी सोडा. पंधरा घरांची एकच सरळ लाइन करा, टोकाला एकच मोठा मक्स, आणि हव्या त्या घराला टॅप (मधूनच काढलेली तार) घ्या. दोन ७४एचसी१६४ (शिफ्ट रजिस्टर) आणि दोन ७४एचसी१५१ (मक्स) मध्ये बसतं. लाइनला मक्स काय करतोय ते ठाऊकच नसतं. तिच्या सातव्या घरात नेहमी ७०० चाच सिग्नल, आठव्यात ८०० चाच. मधला १५०० चा भुताटकीचा काळ संपला.

---

तांब्याची_तार | सोमवार, सकाळी ८:००

वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझं क्षेत्र वेगळं, पण दुखणं तेच. अणुभौतिकीच्या प्रयोगशाळेत आमच्याकडे डिलेच्या पेट्या असतात. आत कोॲक्सिअल केबलची वेटोळी, बाहेर खटके: १, २, ४, ८, १६, ३२ नॅनोसेकंद. केबलमध्ये सिग्नल मीटरभर जायला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो, म्हणजे ३२ चा खटका साडेसहा मीटर वेटोळं आत घेतो. तुमच्या साखळीची हीच रचना, फक्त तांब्यात. मोजणी चालू असताना खटका हलवायचा नाही हा आमचा अलिखित नियम. कारण कुणी सांगितलं नव्हतं, ते काल रात्री तुमच्या धाग्यात कळलं.

या पेट्यांचा आणखी एक धडा: सगळे खटके शून्यावर ठेवले तरी उशीर शून्य नसतो. खटके, कनेक्टर, आतल्या तारा. मोजावा तो नेहमी फरक.

---

जुना_सोल्डर | सोमवार, सकाळी ८:४०

तांब्याची_तार यांचा शेवटचा मुद्दा चिपांनाही लागू. एमसी१००ईपी१९५ नावाची ईसीएल (अतिजलद जातीची) डिले चिप आहे, दहा बिटांची, साधारण १० पिकोसेकंदांच्या पायऱ्या. तिला शून्य कोड दिला तरी सुमारे २.२ नॅनोसेकंद ती घेतेच. तिच्यावर कोड धरून ठेवायला लॅचचा पाय दिलाय तो उगाच नाही.

आणि तयार माल हवा असेल तर ४५५७ क्रमांकाची चिप. एका पाकिटात १ ते ६४ घरांची लांबी बदलणारी शिफ्ट रजिस्टर, लांबी सहा पायांवरून. पण आत रचना हीच दुपटीच्या टप्प्यांची, त्यामुळे चालू असताना लांबी बदलली की हाच तमाशा. मला हे आधी ठाऊक असतं तर एका जुन्या कामात माझे दोन आठवडे वाचले असते. तेव्हा मी दोष पॉवर सप्लायला दिला होता आणि कपॅसिटरवर कपॅसिटर चढवत होतो.

अवांतर: १९४९ साली केंब्रिजमध्ये सुरू झालेल्या एडसॅक संगणकाची आख्खी स्मृतीच डिले लाइन होती. दीड मीटरच्या नळीत पारा, त्यातून आवाजाच्या लाटा, एका टोकाला बाहेर पडल्या की पुन्हा दुसऱ्या टोकाला आत. पाऱ्यात आवाज सेकंदाला साधारण १४५० मीटर जातो, म्हणजे एका फेरीला सुमारे एक मिलिसेकंद. नळी म्हणजे साठवण हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण मात्र अजून तिला तार म्हणतो.

---

फावल्या_वेळचा | सोमवार, सकाळी १०:३०

आता मी जरा नीट वाचून विचारतो. एवढ्या चिपा कशाला? श्मिट ट्रिगरच्या (उंबरठा ओलांडला की पलटणाऱ्या गेटाच्या) आधी रेझिस्टर-कपॅसिटर (आरसी) लावायचा आणि मायक्रोकंट्रोलरने ॲनालॉग स्विचमधून दुसरा कपॅसिटर समांतर आत-बाहेर करायचा. उशीर बदलला.

---

लॅचवाली | सोमवार, सकाळी ११:१०

एखाददुसऱ्या संथ सिग्नलला चालेल. पण इथे तीन अडचणी.

बाहेर ठेवलेला कपॅसिटर कुठल्या व्होल्टेजवर आहे? समजा तो शून्यावर निवांत पडलाय आणि चालू कपॅसिटर वर चढलाय. जोडताक्षणी दोघे चार्ज वाटून घेतात, व्होल्टेज धाडकन खाली येतं, श्मिट ट्रिगरचा उंबरठा ओलांडला की एक खोटा एज तयार. म्हणजे इथेही ‘बाहेर ठेवलेल्या टप्प्यात काय शिल्लक आहे’ हाच प्रश्न, फक्त बिटांऐवजी व्होल्टेजमध्ये.

दुसरं, ही लाइन नाही, हे जडत्व आहे. प्रश्नचिन्हला सकाळी जे सांगितलं ते. १५०० नॅनोसेकंदांचा उशीर आरसीने केला तर २०० चा पल्स उंबरठ्यापर्यंत चढणारच नाही.

तिसरं, उशीर तापमान, व्होल्टेज आणि चिपच्या उंबरठ्यावर हलतो. शिफ्ट रजिस्टरचा उशीर क्रिस्टल ठरवतो.

(‘सकाळी’ नाही, काल दुपारी. आणि ते मी नाही, शून्य_एक यांनी सांगितलं. माझी झोप झालेली नाही.)

---

अर्धवट_सर्किट | सोमवार, रात्री १०:००

टॅपवाली लाइन बांधली. ७ वरून ८, ८ वरून ७, कितीही वेळा, काउंटर बरोबर. चढताना कधीकधी एखादा पल्स ३०० रुंद होतो, उतरताना १००. तेवढं मला चालतं.

पण ३ वरून थेट १२ केलं की पुन्हा चूक. म्हणजे अजून काहीतरी राहिलंय?

---

शून्य_एक | सोमवार, रात्री १०:२५

राहिलेलं नाही, ते तसंच असतं. ३ ते १२ म्हणजे ९०० नॅनोसेकंदांचा तुकडा पुन्हा दाखवायचा, त्यात एखादा पल्स सापडणारच. एका उडीचं अंतर पल्सच्या रुंदीपेक्षा आणि दोन पल्समधल्या रिकाम्या जागेपेक्षा लहान असेल तरच पल्सची संख्या टिकते. १०० ची पायरी, २०० चा पल्स, ८०० ची रिकामी जागा, म्हणून तुमची एकेक पायरी निभावली.

तर एकेक पायरी चढा. गंमत बघा: प्रत्येक क्लॉकला एक घर पुढे सरकलात तर आउटपुट गोठतो. जो बिट दिसत होता तोच पुढच्या घरात सरकतो आणि तुम्हीही त्याच्यामागे सरकता. नऊ क्लॉक तोच बिट, मग पुढे चालू. काहीही दोनदा दिसत नाही. फक्त तो बिट १ असताना गोठलात तर मायक्रोसेकंदाहून लांब पल्स मिळेल, म्हणून आउटपुट शून्य असताना सुरू करा. उतरताना प्रत्येक क्लॉकला एक घर मागे म्हणजे दर दुसरा बिट वगळला जातो, २०० च्या पल्समधला एक तरी बिट हाती लागतोच.

ध्वनीच्या डिजिटल डिलेमध्ये हाच पेच असतो. रिंग बफरमधला वाचायचा पॉइंटर उचलून दुसरीकडे ठेवला की ‘टक्’ असा आवाज येतो. तिथे दोन टॅप एकमेकांत हळूहळू मिसळून सुटका होते. आपल्याकडे ० आणि १ च्या मध्ये मिसळायला काही नाही.

---

लॅचवाली | सोमवार, रात्री १०:४०

तुमची माळ अखंड आहे, की मध्ये विश्रांती असते?

---

अर्धवट_सर्किट | सोमवार, रात्री १०:४४

हजार पल्सचा झुबका, मग काही मिलिसेकंद शांतता, मग पुढचा झुबका.

---

लॅचवाली | सोमवार, रात्री १०:५२

अहो, मग हे आधी सांगायचं ना! शांततेत बदला की.

आत येणाऱ्या प्रत्येक पल्सने एक छोटा काउंटर शून्य करा. पल्स नसेल तर तो क्लॉक मोजत राहील. २० क्लॉक झाले म्हणजे १५ घरांची लाइन पूर्ण रिकामी झाली असं समजायचं, आणि तेव्हाच ‘घे’ ला परवानगी द्यायची. सगळीकडे शून्य असताना कुठलाही तुकडा दोनदा दाखवला काय किंवा गिळला काय, शून्यच. तुमची जुनी दुपटीची साखळीसुद्धा यात चालली असती, ३ वरून १२ सकट.

एकच पथ्य. टाळलेल्या टप्प्याचा क्लॉक वीज वाचवायला म्हणून बंद करू नका. मी एकदा केला होता. तो टप्पा आतल्या पल्ससकट गोठून बसला, आणि तासाभराने जोडला तेव्हा तासापूर्वीचा पल्स शांतपणे बाहेर आला. पुढचं यंत्र त्याला खरा समजून हललं. मी आठवडाभर बाहेरून येणारा इलेक्ट्रिकल नॉइज शोधत होते.

---

प्रश्नचिन्ह | मंगळवार, सकाळी ७:३०

लॅचवाली ताई, तासापूर्वीचा पल्स! अंगावर काटा आला.

एफपीजीएमध्येही (हवं ते सर्किट आत रचता येणाऱ्या चिपमध्ये) असंच का? तिथे इनपुटला तयार डिले मिळतो असं वाचलंय.

---

शून्य_एक | मंगळवार, सकाळी ८:१५

मिळतो. झायलिंक्सच्या ७ सिरीजमध्ये इनपुट पायाला आयडिले असतो, ३२ टॅपांचा. २०० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक दिला तर एक टॅप सुमारे ७८ पिकोसेकंद, आणि तापमान-व्होल्टेज बदललं तरी तो त्या संदर्भाशी जुळवून धरला जातो. तीही टॅपवाली लाइनच. एक टॅप पुढेमागे केला आणि दोन्ही टॅपांवर त्या क्षणी सारखीच पातळी असेल तर आउटपुटला काही कळत नाही. पातळी वेगळी असेल तर आउटपुट बदलणारच, बदलायलाच हवा. जलद मेमरीशी जुळवून घेताना कंट्रोलर असाच एकेक टॅप सरकत डेटाचा मध्य शोधतो, आणि त्या वेळी येणारा डेटा सरावाचा असतो, खरा नसतो.

एफपीजीएतल्या साध्या लुकअप टेबलमध्ये (उत्तरांचा तक्ता ठेवणाऱ्या घटकात) मक्स केलास तर तिथे जुना_सोल्डर यांचा हझार्ड नाही: एकच इनपुट बदलला आणि आधीचं-नंतरचं उत्तर सारखं असेल तर झायलिंक्सचं टेबल मध्ये टोचत नाही. दोन इनपुट एकदम बदलले तर ही हमी नाही.

आणि क्लॉक सिग्नलच बदलायचा असेल तर साधा मक्स अजिबात नको. त्यासाठी वेगळा मक्स असतो, जो जुना क्लॉक खाली जाईपर्यंत थांबतो, तो बंद करतो, मग नवा खाली असताना उघडतो. मध्ये थोडी शांतता, पण अर्धुकं नाही.

---

अर्धवट_सर्किट | बुधवार, रात्री ९:३५

लॅचवालींच्या पद्धतीने झालं. खास त्यासाठी टॅपवाली लाइन काढून जुनी दुपटीची साखळी परत लावली, बघू तरी म्हणून. शांततेचा काउंटर ७४एचसी१६१ चे दोन, कारण एकात १५ च्या पुढे जाता येत नाही. रात्रभर दर झुबक्याला मनाला येईल तो कोड, दोन्ही काउंटर सकाळी सारखे.

मग मुद्दाम ‘घे’ची परवानगीची तार उपटली. तिसऱ्याच झुबक्याला एक जास्त.

तार परत लावली आहे. दोन ७४एचसी१५१ उरलेत.

---

फावल्या_वेळचा | बुधवार, रात्री ९:४०

ते मला पाठवा. मी आता आरसी सोडलंय.